एकाच चित्रातली खाडाखोड

आज माओकाळातली चिनी चित्रं बघताना डोंग शिवेन यांच्या ‘राष्ट्रस्थापनेचा सोहळा’पाशीच थांबायला झालं. 1953 चं काम, जवळपास 4 मीटर रुंद. बीजिंगच्या थ्येनआनमन दरवाज्याच्या सज्जात माओ, मागे नेते. माओसमोर मोकळं आकाश हवं म्हणून चित्रकारानं उजवीकडचा खांब सरळ गाळला. रचनेच्या दृष्टीनं अचूक निर्णय!

मग मर्जीतून उतरलेले नेते चित्रातून गळू लागले. आधी गाओ गांग, सांस्कृतिक क्रांतीत लिऊ शाओची. दोन्ही बदल डोंगना स्वतःच्याच हातानं करावे लागले, हे फार टोचतं. तैलरंगात माणूस पुसायचा तर नुसता चेहरा झाकून भागत नाही. गालिच्यावरची सावली, शेजाऱ्याचा झाकलेला खांदा, मागचं आकाश, सगळं नव्यानं रचावं लागतं. जुना रंग पिवळटलेला, त्यामुळे नवा रंग ठिगळासारखा उठून दिसतो. तेलकट थरावर कमी तेलाचा रंग चढवला तर पुढे भेगा पडतात.

1972 मध्ये आणखी एक नेते, लिन बोछू, यांना काढायचं ठरलं तेव्हा डोंग गंभीर आजारी होते. चिन शांगयी आणि झाओ यू या चित्रकारांनी अख्खी नक्कलच रंगवली. 1979 मध्ये वगळलेले नेते परत आले, तेही त्या नकलेवरच.