तीन दिवस सात

"साहेब, तुमचं मीटर फारच चांगलं दाखवतंय."

डिसेंबर २०१५, सकाळचे सव्वासहा. सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या केमिस्टचा फोन. गळीत हंगाम ऐन भरात. मी झोपेतच म्हणालो, "मग चांगलंच आहे की." ते म्हणाले, "तीन दिवस झाले, ६.९८, ७.००, ७.०१. याच्या पलीकडे आकडा जातच नाही. आमचं पाणी इतकं गुणी नाही हो."

माझी झोप उडाली. तासाभरात भोसरीहून गाडी काढली.

आमची कंपनी तेव्हा एमआयडीसीतल्या दोन गाळ्यांत होती. सुरुवात तापमानाच्या सेन्सरपासून झालेली. थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड, आणि पीटी-१००, म्हणजे शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशाला १३८.५ ओहम देणारी प्लॅटिनमची तार. ते काम सरळ होतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच (सातच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी), मोजणारे काचेचे प्रोब आम्ही हौसेनेच, थोडे थोडे करत होतो. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निर्देश आले: साखर, डिस्टिलरी, कागद, रंग, औषधं अशा १७ प्रकारच्या उद्योगांनी सांडपाणी आणि धूर चोवीस तास मोजायचा आणि आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर पाठवायचे. आमचा फोन वाजायचा थांबेना. पूर्वी महिन्याला जेवढे प्रोब जायचे तेवढे आठवड्याला जायला लागले. नवी माणसं घेतली, शेजारचा गाळा भाड्याने घेतला. मी उत्पादन बघत होतो. त्या दीड वर्षात मी किती खूश होतो हे आजही आठवतं.

कारखान्यावर पोचलो तेव्हा केमिस्ट ईटीपीवरच, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवरच, उभे होते. ज्या टाकीत चुना मिसळून पाण्याचा आंबटपणा मारतात, तिच्यावर आमचा प्रोब बसवलेला. त्यांनी काही न बोलता पीएच पेपरची पट्टी टाकीत बुडवून माझ्यापुढे धरली. नारिंगी. चार ते पाचच्या मधे. डोक्यावरच्या डिस्प्लेवर ७.००.

मी प्रोब बाहेर काढला, धुतला, चारच्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या सामूच्या द्रावणात, धरला. सात. ९.२ च्या बफरमध्ये धरला. सात. पिण्याच्या पाण्यात, सात.

काचेच्या प्रोबचं दुखणं असंच असतं. टोकाला पातळ काचेचा फुगा, त्याच्या आत सात सामूचं द्रावण. आतल्या-बाहेरच्या सामूत फरक पडला की काचेवर विजेचा दाब तयार होतो, २५ अंशाला एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. फुग्याला तडा गेला की आतलं-बाहेरचं एक होतं, दाब शून्यावर येतो, आणि शून्य मिलिव्होल्टचा अर्थ मीटर लावतं: सात. तुटलेला थर्मोकपल वेडावाकडा आकडा देतो, लगेच कळतं. तडकलेला पीएच प्रोब मात्र नेमका तोच आकडा देतो जो सगळ्यांना हवा असतो.

आणि चुन्याचा पंप त्याच आकड्यावर चालत होता. सात दिसतंय म्हणून पंप तीन दिवस गप्प. आंबट पाणी तसंच पुढे, हवा मारायच्या टाकीत. तिथले घाण खाणारे जिवाणू अर्धेअधिक मेले होते. केमिस्टांनी पहाटे पट्टी बुडवून पाहिली आणि लगेच आउटलेटचा व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून ते पाणी ओढ्याला गेलं नाही. ओढ्याच्या खाली लोकांच्या विहिरी आहेत. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

मी नवा प्रोब बसवला आणि सवयीने म्हणालो, "साफ करताना ब्रश लागला असेल." ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पोरं हाताने धुतात. मी समोर असतो."

परतताना टेंभुर्णीला चहाला थांबलो, तेव्हा तडकलेला प्रोब उन्हात धरून पाहिला. केसाएवढी रेघ, फुगा जिथे दांडीला जोडतात बरोबर तिथून निघालेली. दांडीची काच वेगळी, फुग्याची वेगळी. जोड दिल्यावर भट्टीत रात्रभर हळूहळू थंड होऊ द्यावी लागते, नाहीतर ताण आतच राहतो. मग गरम पाणी, थंडीची रात्र, पुन्हा गरम पाणी, असं काही दिवस झालं की काच सुटते. आमची भट्टी ऑक्टोबरपासून रात्रभर चालत नव्हती. ऑर्डरी उरकाव्यात म्हणून ती चार तासांत रिकामी करायची चिठ्ठी माझ्याच सहीची होती.

रात्री गाळ्यात पोचलो तर काच फुंकणारे काका थांबलेले होते. त्यांनी काहीच विचारलं नाही. काचेतला ताण दाखवणाऱ्या पोलॅरिस्कोपचा दिवा लावला आणि शिल्लक मालातला एकेक प्रोब त्यात धरायला लागले. जांभळट उजेडात चांगली काच एकसारखी दिसते. ताण असेल तर जोडापाशी निळे-नारिंगी पट्टे उठतात. दहापैकी सहा प्रोबांत पट्टे. काका एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला दिवाळीतच बोललो होतो, साहेब." खरंच बोलले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांपुढे ती चिठ्ठी ठेवली. त्यांनी दोन वेळा वाचली आणि विचारलं, "किती गेलेत?" त्या काळातले सगळे प्रोब परत मागवायचे ठरलं. प्रत्येक गिऱ्हाईकाला मी स्वतः फोन केला, चूक आमची आहे हे स्पष्ट सांगून. काही जण चिडले, दोघांनी पुढचा माल नाकारला. बाकीच्यांनी नवे प्रोब लावून घेतले. मार्चपर्यंत कंपनीच्या हातात पगारापुरतेच पैसे होते.

पुढच्या वर्षी आमच्या मीटरमध्ये काचेचा विद्युतरोध मोजायची सोय घातली. चांगल्या काचेचा रोध शेकड्याने मेगाओहम असतो, तडा गेला की तो कोसळतो. आता तसं झालं की मीटर सात दाखवत नाही. आकडा काढून टाकतं, लाल दिवा लावतं आणि चुन्याच्या पंपाचा ताबा ऑपरेटरच्या हाती देतं. आज चाकणला आमची मोठी शेड आहे. नदीची पातळी, हवेतली धूळ, वायू, बरंच काही करतो. या सगळ्यात मला सर्वात मोलाचा वाटतो तो लाल दिवाच.

भट्टी रात्रभर चालते. तिच्या कुलपाची किल्ली काकांकडे असायची, ते निवृत्त झाल्यावर त्यांनीच शिकवलेल्या मुलीकडे आली. माझ्याकडे कधीच नव्हती, मी मागितलीही नाही.

त्या केमिस्टांनी पुढच्या हंगामाआधी सहा प्रोबांची ऑर्डर दिली. फोनवर किमतीचं काही बोलले नाहीत. म्हणाले, "दिव्यात धरून बघितलेत ना?"

"प्रत्येक," मी म्हणालो.

"मग पाठवा."