ग्वाल्हेर: किल्ला, गाइड आणि एक लाखाचं कर्ज

पुण्याहून ग्वाल्हेरला जायला झेलम एक्सप्रेस बरी पडते, मुंबईकरांना पंजाब मेल आहे. घाई असेल तर दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे वंदे भारत किंवा गतिमान. मात्र डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडलं की वेळापत्रक नुसतं वाचायला उरतं, त्यामुळे पुढची गाडी चिकटून बुक करू नका. मे-जूनचा तर विचारही नको, किल्ल्याचा दगड तव्यासारखा तापतो.

आम्ही थंडीत गेलो: मी, आई आणि मामेभाऊ. मावशी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहते. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास पडली ती इथेच, आणि तीच पुढे शहर झाली. मांढरेची माता, दत्ताची देवळं, गणपतीत आरत्या, सगळं काही आहे. फक्त मावशीच्या मराठीत दर चौथा शब्द हिंदी. तिच्याकडे लग्नघर असल्याने आम्ही हॉटेलात उतरलो, आणि पहिली उपयोगाची गोष्ट तिथेच कळली. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज साडेसात हजारांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, आधी तो १२ होता. आमच्या बिलात मात्र १२ च लागला होता. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टीममध्ये जुनंच आहे. भाऊ हटून बसला, तेव्हा सिस्टीम पाच मिनिटांत नवी झाली. तेव्हा बिल हातात आलं की खालची ओळ आधी वाचा.

किल्ल्यावर जायचे रस्ते दोन. गाडी उरवाईच्या बाजूने वर जाते आणि वाटेत कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतात, त्यातली सर्वांत मोठी पन्नास फुटांहून उंच. पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाजाने मात्र पायीच चढावं लागतं. आईला भाच्याबरोबर गाडीने वर धाडलं आणि मी गाइडकाकांबरोबर पूर्वेकडून निघाले. गुडघे साथ देत असतील तर हाच रस्ता घ्या. पायथ्याशी गुजरी महालातलं संग्रहालय आहे, सोमवारी बंद. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे वृक्षाखाली उभ्या स्त्रीची मूर्ती, तिथेच आहे.

चढणीच्या मध्यावर चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच खडकात कोरलेलं, इतकं लहान की गाडीने जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आत विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, रोज ५० माळा द्यायच्या, असा साधा व्यवहार. शून्याच्या फार जुन्या नोंदींपैकी ही एक, म्हणून त्यातल्या २७० आणि ५० मधलं शून्य पाहायला जगभरातले गणिती येतात. काकांनी बोट भिंतीला न लावता दाखवलं, तरीही मला ते सापडायला वेळ लागला. अगदी छोटं, बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा वर सरकलेलं वर्तुळ. गाइड नसता तर मी समोर उभी राहूनही ते पाहिलं नसतं. दाराला कुलूप असेल तर आसपास चौकीदार असतो, त्याला विचारा.

हे काका लष्कर भागातलेच मराठी. राज्य सरकारचं गाइडचं ओळखपत्र गळ्यात, आणि कोविडचं नाव काढलं की आवाज चढतो. १७ मार्च २०२० ला पुरातत्त्व खात्याची स्मारकं बंद झाली ती ६ जुलैला उघडली. २०२१ मध्ये १६ एप्रिलपासून पुन्हा दोन महिने कुलूप. "ताई, दार उघडलं म्हणून काय झालं, येणारं कोण होतं?" ते म्हणाले. आग्रा-ग्वाल्हेर-ओरछा-खजुराहो असे परदेशी ग्रुप हा इथल्या गाइडांचा मुख्य धंदा. देशात २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते, २०२१ मध्ये उरले १५ लाख.

मग २८ जून २०२१ ला केंद्राने पर्यटनासाठी कर्जहमी योजना जाहीर केली. ट्रॅव्हल कंपन्यांना दहा लाखांपर्यंत, परवानाधारक गाइडला एक लाखापर्यंत. सरकारची शंभर टक्के हमी, तारण नको, प्रक्रिया शुल्क नाही. केंद्राच्या मान्यतेचे १०,७०० गाइड त्यात येत होते, शिवाय राज्यांनी मान्यता दिलेले. कागदावर खोट काढायला जागा नाही. काका बँकेत गेले, तेव्हा साहेबांनी आधी विचारलं, "कसली योजना?" परिपत्रक आल्यावर साहेबांनीच बोलावून घेतलं, तर यांनी नको म्हटलं. "धंदा नाही तर हप्ता कुठून भरू? मतलब, लाख रुपये घरात बसून खायचे आणि मग फेडत राहायचं?" घर चाललं ते काकूंच्या पुरणपोळीच्या ऑर्डरींवर.

वर दरवाजाजवळच्या चहावाल्याचं म्हणणं उलटं. त्याने फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेतून दहा हजार घेतले, वेळेवर फेडले, मग वीस हजार मिळाले. तो खूश. मला यातला फरक तिथेच उमगला. चहावाल्याला भांडवल हवं होतं: साखर, दूध, गॅस आणला की गल्ला सुरू. गाइडला माल भरायचा नसतो. त्याला गिऱ्हाईक हवं असतं, आणि ते बँक देत नाही. ऑटोवाले, फोटोवाले यांच्याकडे तर दाखवायला पर्यटन खात्याचा कागदच नव्हता.

गिऱ्हाईक आणायची योजनाही होती. पहिल्या पाच लाख पर्यटकांना व्हिसा फुकट, मुदत ३१ मार्च २०२२. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा पूर्ववत झाली २७ मार्च २०२२ ला. चार दिवस! आणि हॉटेलं जरा सावरत होती तोच जुलै २०२२ पासून हजाराच्या आतल्या, तोवर करमुक्त असलेल्या खोलीवर १२ टक्के बसवले. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं, असं आई म्हणाली. ती बँकेतून निवृत्त झाली आहे, त्यामुळे तिचं बोलणं जरा तिखटच असतं. माझं मत तिच्याइतकं कडवट नाही. ग्वाल्हेर २०२३ मध्ये युनेस्कोचं संगीताचं सर्जनशील शहर झालं, पुढच्या वर्षी किल्ला वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आला, केंद्राच्या स्वदेश दर्शन २.० या पर्यटन योजनेसाठी मध्य प्रदेशातून चित्रकूटबरोबर ग्वाल्हेरची निवड झाली, नवं विमानतळ टर्मिनल उघडलं. काकाही कबूल करतात की आता काम आहे, फक्त गिऱ्हाईक बदललं. पुणे, नागपूर, बडोद्याची कुटुंबं येतात आणि त्यांना मराठीत ऐकायचं असतं.

तेव्हा गाइड नक्की करा, पण तिकीटखिडकीजवळ ओळखपत्र पाहून, आणि कुठून कुठपर्यंत दाखवणार ते आधी ठरवून. सासबहू मंदिर आणि तेली का मंदिर बरेच जण घाईत उरकतात, तीही त्यात धरा. मान मंदिर म्हणजे राजा मानसिंह तोमराचा महाल, त्याचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं, ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त. शेजारचे जहांगीर महाल वगैरे राज्य सरकारकडे, त्यांचं वेगळं. मान मंदिराच्या बाहेर पिवळ्या बदकांची ओळ आहे ती शोधायला मुलांना लावा, मोठ्यांनाही अर्धा तास पुरते. तळघरात उतरताना मोबाइलचा दिवा हाताशी ठेवा, पायऱ्या अरुंद आणि झिजलेल्या आहेत. पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन १३६३ चोवीस तास चालते. बारा भाषा आहेत, त्यात मराठी नाही.

शिंद्यांच्या जयविलास पॅलेसबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहे. साडेतीन-साडेतीन टनांची झुंबरं आणि चांदीची आगगाडी पाहा, २०२२ मध्ये उघडलेल्या मराठा दालनाला वेळ ठेवा, एवढंच. तानसेन समारोह डिसेंबरात असतो. त्या दिवसांत यायचं तर खोली महिनाभर आधी धरा.

एक दिवस मुरैना जिल्ह्यातल्या बटेश्वर, पडावली आणि मितावलीच्या जुन्या देवळांसाठी काढा. तिन्ही एकाच फेरीत होतात. बटेश्वरची पडझड झालेली देवळं पुरातत्त्वज्ञ के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली पुरातत्त्व खात्याने दगड जुळवून उभी केली. तिथे खायला काही मिळत नाही, डबा आणि पाणी बरोबर घ्या. टॅक्सी ठरवताना थांबण्याचे पैसे धरून बोला आणि अंधाराच्या आत शहरात परत या. येताना मुरैन्याची तीळ-गुळाची गजक घ्या, मात्र ती थंडीतच चांगली मिळते आणि प्रवासात चुरा होते, म्हणून वरच्या बॅगेत ठेवा.