‘एमआरआय ब्रेन प्लेन’ एवढ्यावर भागत नाही

अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, कधी इंडीहून आलेल्या पालकांच्या हातात चिठ्ठी असते: ‘फिट्स, एमआरआय ब्रेन प्लेन’, म्हणजे शिरेतून काँट्रास्टचं औषध न देता मेंदूचा एमआरआय. मी सोलापुरात एमआरआयवर काम करतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज असल्याची शंका असेल, तर ही चिठ्ठी पुरत नाही. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांना फोन लावतो. एका बाजूचा हातपाय लुळा पडलाय का? वर्षभरात कांजिण्या झाल्या होत्या का? घरात कुणाला टीबी आहे का? पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट काय? स्टिरॉइड सुरू झालंय का? कांजिण्या बऱ्या होऊन काही महिने गेल्यावरही मेंदूची मोठी धमनी अरुंद होऊ शकते. टीबीच्या मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाच्या सुजेत) मेंदूच्या तळाकडच्या बारीक फांद्या बंद पडतात. काँट्रास्ट दिल्यावर सुजलेली धमनीची भिंत चमकते, स्टिरॉइडमुळे ती चमक कमी दिसू शकते, म्हणून तारीख लिहून घ्यायची. तपासणीपायी औषध थांबवायचं नाही.

भुलीसाठी जेवण 6 तास, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास आधी बंद. लांबून उन्हातून आलेल्या पोराला सकाळपासून थेंबभरही पाणी दिलेलं नसतं, हे फार वेळा होतं. शीर सापडत नाही हा त्रास वेगळाच, पण धमनी अरुंद असेल तर अंगातलं पाणी कमी होणं मेंदूला सोसत नाही. भूलतज्ज्ञांना विचारून सलाईन लावून घ्यावं.

वाळे, ताईत, चांदीचा करदोडा सगळं उतरवायचं. करदोडा काढायला आजी तयार नसते. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण कमरेभोवतीचं बंद वेटोळं तापून चटका बसू शकतो, एवढं सांगितलं की ती स्वतःच गाठ सोडते. हाताला हात, मांडीला मांडी लागू नये म्हणून मध्ये सुती सोलापुरी चादरीची घडी घालतो.

क्रम महत्त्वाचा. सुरुवात डिफ्यूजन नावाच्या स्कॅनने, मूल मध्येच जागं झालं तरी ताजा स्ट्रोक आहे का ते हाती लागलेलं असतं. मग फ्लेअर, टी-टू, एसडब्ल्यूआय हे मेंदूचे वेगवेगळे स्कॅन आणि वाहत्या रक्तावरून धमन्या दाखवणारी टीओएफ अँजिओग्राफी. टीओएफ काँट्रास्टच्या आधीच, नाहीतर शिराही उजळतात आणि धमन्या वेगळ्या काढता येत नाहीत. त्यानंतर ब्लॅक ब्लड, म्हणजे रक्त काळं दाखवून धमनीची भिंत दाखवणारा स्कॅन, काँट्रास्टआधी आणि नंतर, त्याच जागी, त्याच जाडीचे काप. भिंत मिलिमीटरहून पातळ असते. मुलाने मान किंचित वळवली तरी हा भाग वाया जातो. 3 टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर चित्र स्वच्छ येतं, 1.5 वर वेळ जास्त द्यावा लागतो.

गॅडोलिनियमचा, म्हणजे काँट्रास्टच्या औषधाचा, डोस साधारण किलोला 0.1 मिलिमोल. नेहमीच्या, मिलीला 0.5 मिलिमोल ताकदीच्या औषधात 14 किलोच्या मुलाला फक्त 2.8 मिली. इथेच घोटाळा होतो: लांब एक्स्टेन्शन नळी लावली तर त्यातलं बरंचसं नळीतच राहतं, आणि ‘भिंत चमकत नाही’ असा खोटा दिलासा मिळतो. आखूड नळी आणि मागून सलाईनचा फ्लश, हे विसरू नये.

भुलीत ऑक्सिजन दिला असेल तर तसं फॉर्मवर लिहितो, कारण फ्लेअरमध्ये मेंदूभोवतालचं पाणी पांढरं दिसतं आणि मेनिंजायटिसचा भास होतो. टीओएफमध्ये कॅरोटिडच्या (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या) वळणावर रक्त घुसळतं, तिथे अरुंदपणा खोटा असू शकतो. कापांपासून बनवलेल्या, फिरवून बघायच्या चित्राबरोबर मूळ काप पाहिलेच पाहिजेत. संथ वाहणारं रक्त किंवा खेटून गेलेली शीरही भिंतीसारखी चमकते. भिंत सगळीकडून गोलाकार चमकली तर सुजेकडे बोट जातं, तरी ते एकट्याने पुरेसं नाही.

पालकांना मी एक गोष्ट सांगतोच: अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं नव्हे. अगदी बारीक वाहिन्यांची सूज डीएसएलाही (धमनीत नळी घालून, औषध सोडून काढलेल्या एक्स-रे चित्रांनाही) दिसत नाही. तिथे कधीकधी बायोप्सीच (तुकडा काढून तपासणी) लागते. मधल्या आकाराच्या वाहिन्यांसाठी डीएसए सर्वांत बारकाईने दाखवते, पण मांडीतून नळी घालायची असते, म्हणून निर्णय विचारपूर्वक. सीटी अँजिओग्राफी मिनिटांत होते, पण किरणोत्सर्ग असतो आणि भिंतीतली सूज ती नीट दाखवत नाही.

पुण्याला पाठवायचं ठरलं तर फिल्मबरोबर मूळ डिजिटल चित्रांची (डायकॉम) सीडी द्यायचीच, आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघूनच. अनेकदा साधारण 3 महिन्यांनी पुन्हा स्कॅन होतो. तेव्हा अरुंदपणा वाढला की थांबला हे ताडायचं असतं, म्हणून कापांची जाडी, कोन आणि काँट्रास्टनंतर किती मिनिटांनी ब्लॅक ब्लड घेतला, हे सगळं कागदावर लिहून सीडीच्या पाकिटात घालतो.