यापच्या दगडी पैशाचं शूटिंग

पश्चिम पॅसिफिक महासागरातल्या गुआम बेटाहून याप बेटावर उतरलं की दमट हवेचा पहिला फटका कॅमेऱ्याला बसतो. एसी खोलीतून थेट बाहेर काढला तर लेन्सवर बाष्प धरतं, पुसलं तरी पुन्हा धरतं. म्हणून गावात जायच्या दिवशी बॅगा पाऊण तास आधी, चेन न उघडता, व्हरांड्यात ठेवल्या.

काम एवढंच होतं: एका दगडी पैशाची, म्हणजे तिथल्या भाषेत 'राई'ची, हकिकत मालक घराण्यातल्या आजोबांच्या तोंडून चित्रित करायची. परवानगी आदल्या दिवशीच काढली होती. यापमध्ये किनाऱ्यालाही मालक असतो, त्यामुळे विचारल्याशिवाय कुठे फिरायचं नाही. गावच्या फरसबंद पायवाटेने एकामागून एक, हळू, हातात हिरवी डहाळी घेऊन जायचं. आपण भांडायला आलो नाही याची ती खूण. बायकांनी उघड्या छातीने वावरण्यात तिथे काही वावगं नाही, मांड्या मात्र झाकलेल्या हव्यात. हाफ पँट चालत नाही. बसलेल्या माणसाचे पाय ओलांडायचे नाहीत, आणि केबल टाकताना नेमकं तेच घडतं. आम्ही वायर सगळ्यांच्या पाठीमागून फिरवली.

दगड चुनखडीचा, चाकासारखा गोल. यापवर हा दगड मिळत नाही. सुमारे 450 किलोमीटरवरच्या पलाऊ बेटांवर घडवून होड्या-तराफ्यांवरून आणलेला. मधलं भोक ओंडका घालून उचलण्यासाठी. सर्वांत मोठा साडेतीन मीटरहून रुंद आहे, पण किंमत नुसत्या आकारावर ठरत नाही. तो आणताना किती जीव गेले, कुणाकुणाच्या हातून फिरला, यावर ठरते. 1871 च्या सुमारास आलेल्या ओकीफ या दर्यावर्दीने लोखंडी हत्यारं आणि जहाज पुरवलं, मोठाले दगड घडवणं-आणणं सोपं झालं. तरी शिंपल्याच्या हत्यारांनी घडवलेले जुनेच जास्त मोलाचे. मालक बदलतो, दगड बहुधा जागचा हलत नाही. म्हणून हकिकतीविना त्याचं नुसतं चित्र माझ्या लेखी अपुरं आहे.

दुपारच्या उन्हात दगड सपाट दिसतो. एलईडी पॅनेल जमिनीलगत, दगडाच्या कडेने तिरपं लावल्यावर घडाईच्या पायऱ्या उठून आल्या. शेवाळ खरवडायचं नाही, हात लावायचा नाही, टेकायचं तर नाहीच.

खरी अडचण आवाजाची. आजोबांच्या अंगावर फक्त लंगोट आणि गळ्यात फुलांची माळ. कॉलर माइक लावायचा कुठे? माळेला लावला तर पाकळ्यांची खसखस येते. शेवटी बूम, म्हणजे लांब दांड्याचा माइक, डोक्यावरून धरला. तेवढ्यात त्यांनी टोपलीतून सुपारी काढली. आपल्या पानाशी नातं लगेच कळतं: हिरवी कोवळी सुपारी सालासकट दातांनी फोडायची, आत पोवळं भाजून केलेला चुना भुरभुरायचा, विड्याच्या पानाचा तुकडा गुंडाळून गालात धरायचा. काथ नाही, तरी तोंड लालभडक. चुना जास्त झाला की गाल आतून सोलतो, नवख्याने चिमटीच्याही निम्मा घ्यावा. ध्वनिमुद्रणात मात्र चघळणं शब्दांपेक्षा मोठं ऐकू येतं. थुंका म्हणणं शोभत नाही. विडा संपेपर्यंत बूम खाली ठेवून थांबलो.

मग आजोबा मालकांची नावं क्रमाने सांगत गेले. मध्ये कट घेतला नाही. निघण्याआधी पूर्ण मुद्रण पेनड्राइव्हवर काढून घराण्याकडे दिलं, कारण संकलनात नावंच आधी कापली जातात.