कांद्याच्या सुपात काय असतं

पॅरिसमधल्या एका ब्रासरीच्या, म्हणजे साध्या रेस्टॉरंटच्या, किचनमध्ये कांद्याचं सूप माझ्याकडे असतं. दिसायला गरीब पदार्थ, पण कांदा लोण्यात मंद आचेवर तासभर परतावा लागतो. घाई केली की करपला, कडू झाला. मग व्हाइट वाइन, मग स्टॉक. वासराची हाडं ओव्हनमध्ये तांबूस भाजून रात्रभर उकळत ठेवायची. सुपाचा सगळा दम तिथे असतो. वर पाव आणि कोंते चीज. तेही प्राण्याच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या रसानेच, जमवायचं, असा कोंतेचा नियमच आहे.

शनिवारी रात्री ऐन गर्दीत चिठ्ठी आली: एक कांद्याचं सूप, मांस नको. वेटरला विचारलं तर म्हणे, "सुपात मांस कुठे असतं?" चार प्लेटा एका हातावर तोलणारा गडी, पण शाकाहार म्हणजे ताटातला तुकडा काढून टाकणं, एवढीच त्याची समज. कायद्याचीही तीच गत. युरोपात 14 अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावीच लागते. मोहरीपासून सेलरीपर्यंत सगळं त्यात आहे. हाडांचं पाणी नाही. त्याने कुणाच्या अंगावर पुरळ उठत नाही.

सूप थांबवून मी बाहेर गेलो. टेबलावरून मराठी ऐकू आलं. मुलगा, सून आणि साडीवर जाड स्वेटर घातलेल्या आजी.

"आजी, हे सूप तुम्हाला चालायचं नाही. दुसरं काही करून देतो."

मुलगा माझ्यामागोमाग किचनच्या दारापर्यंत आला. "कारण तिला सांगू नका हो. आल्यापासून रोज हेच खातेय. सगळीकडे व्हेज आहे म्हणाले."

आता काय बोलणार! ग्रातँ दोफिनुआ लावलं: बटाट्याच्या पातळ चकत्या, दूध, क्रीम, लसूण. अस्सल ग्रातँमध्ये चीज नसतंच, पण चीज घालणारे इथेही ढिगाने आहेत. एका प्लेटीसाठी ओळ मोडली म्हणून शेफ माझ्यावर खेकसला. तो वेटरवर खेकसायला हवा होता.

निघताना आजींनी मला बोलावलं. ग्रातँ आवडलं होतं. "पण काय रे, त्या सुपात असतं तरी काय?"

मुलगा माझ्याकडे बघत होता.

"कांदा, लोणी, वाइन..."

"वाइन होय! तरीच," आजी म्हणाल्या आणि सुनेकडे बघून हसल्या. "दोन दिवस मस्त झोप लागतेय."

एक शब्दही मी खोटा बोललो नव्हतो. फक्त यादी पुरी केली नाही. मुलाला सांगितलं, आजींना नाही; आणि खाणाऱ्या तर आजी होत्या.

जाता जाता मुलाने दहा युरो हातात कोंबले. इथे सर्व्हिसचे पैसे बिलातच धरलेले असतात, तेव्हा हे कशाचे ते न कळायला मी काही नवखा नाही. नोट टिपांच्या डब्यात टाकली. वेटर खूश झाला.