‘विषय यादीत नाही, मॅडम’

विद्यापीठातल्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने विषयांची यादी दोनदा वरखाली करून पाहिली. मॅथेमॅटिक्स होतं, स्टॅटिस्टिक्स होतं, बायोस्टॅटिस्टिक्ससुद्धा होतं. माझं ॲक्च्युरियल सायन्स, म्हणजे विमा-पेन्शनच्या जोखमीचं गणित, नव्हतं. ‘विषय यादीत नाही, मॅडम,’ म्हणून त्याने फाइल माझ्याकडे सरकवली. या एका वाक्यापायी माझे आठ महिने गेले. आठवलं की अजून राग येतो. तरी लिहून ठेवतेय, कारण खानापूर-निपाणीकडच्या कुणाला हा विषय शिकवायचा असेल तर त्याचे तरी वाचावेत.

मी बेळगावची, शाळा मराठी माध्यमाची. याच विषयात एम.एस्सी. मुंबईला केलं, जोडीला इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या व्यावसायिक परीक्षेचे चार पेपर सोडवले. विमा कंपनीत जाता आलं असतं, पण मला शिकवायचंच होतं, आणि तेही आई-बाबांजवळ राहून. त्या चार पेपरांना सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेत वजन नाही. तिथं पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात आणि वर नेट (देशपातळीची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची).

ॲक्च्युरियल सायन्स हा नेटचा वेगळा विषय नाही, गणितीय विज्ञानातून सीएसआयआरची, म्हणजे विज्ञान विषयांची, नेट द्यावी लागते. मी आधी महाराष्ट्राची सेट देऊन मोकळी झाले होते. आमचे निम्मे सोयरे कोल्हापूर-गडहिंग्लजला, त्यामुळे दोन्हीकडे चालेल असंच मनात धरलं होतं. पण १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची, त्याच राज्यात चालते. म्हणजे राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की माझा तो कागद नुसता कागद. इथंच राहायचं असेल तर कर्नाटकची के-सेट द्या किंवा सरळ नेट. मी नेट दिली, निघाली.

आणि मग ती खिडकी.

कॉलेजने सांगितलं, जाहिरात स्टॅटिस्टिक्सची आहे, तुमची पदवी त्याच्याशी समकक्ष असल्याचा दाखला विद्यापीठातून आणा. कुठलं विद्यापीठ ते लिहीत नाही. पहिल्या दिवशी अर्ज कन्नडमध्ये हवा म्हणून परत पाठवलं. कन्नड मला बोलता येतं, पण सरकारी अर्जाचं कन्नड वेगळं. रांगेतल्या एका मुलीने भिंतीला कागद टेकवून तो लिहून दिला. तिचं नाव विचारायचं राहिलं, त्याची रुखरुख आहे.

पुढच्या खेपेला यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, १८ जुलै २०१८ चे नियमच छापून नेले. पदव्युत्तर पदवी संबंधित किंवा संलग्न विषयातली चालते, असं त्यात स्पष्ट आहे. ‘संलग्न’वर मी लाल रेघ मारली होती. कारकून म्हणाला, ‘संलग्न कोण ठरवणार? अभ्यास मंडळ ठरवणार.’ मंडळाची बैठक कधी? ‘नाळे बन्नी.’ उद्या या. असे उद्या किती झाले ते मोजायचं मी सोडलं. शिपाईमामा मात्र मला बघून आधीच सांगायचे, ‘साहेब मीटिंगला गेल्यात, थांबू नका, जावा.’ त्यांच्यामुळे माझे कितीतरी तास वाचले.

अडीच महिन्यांनी बैठक झाली आणि माझी फाइल तिच्यापुढे गेलीच नाही. अभ्यासक्रमाच्या प्रती मी वेबसाइटवरून छापलेल्या होत्या, प्रत्येक पानावर मूळ विद्यापीठाचा शिक्का हवा होता. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर! रात्रीची गाडी धरून मुंबई गाठली. ६४ पानं, प्रत्येकावर जांभळा शिक्का आणि सही. म्हणून सांगते, पदवी घेऊन शहर सोडायच्या आधीच साक्षांकित अभ्यासक्रम हातात घ्या. गुणपत्रिकेइतकाच तो जपा.

दुसरी एक गोष्ट उपयोगी पडली. इथल्याच एका निवृत्त सरांनी सुचवलं, नुसता अभ्यासक्रम देऊ नकोस, तुलनेचा तक्ता कर. डावीकडे माझे पेपर, उजवीकडे त्यांच्या एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचे. मार्कोव्ह साखळ्या, टाइम सिरीज, रिग्रेशन, सर्व्हायव्हल ॲनालिसिस सगळं समोरासमोर बसलं. सोळापैकी अकरा पेपर जुळले. उरले ते व्याजाचं गणित, आयुर्विम्याचं गणित, पेन्शन, म्हणजे त्याच संभाव्यतेचा पैशाच्या हिशेबात केलेला वापर. दुसऱ्या बैठकीत तो तक्ता वाचून दाखवला गेला आणि मंजुरी मिळाली. तक्ता पहिल्याच अर्जाला जोडा.

नेटबद्दल राहिलंच. प्रश्नपत्रिकेच्या शेवटच्या भागात, पार्ट सीमध्ये, चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी अभ्यासक्रमातलं युनिट चार, म्हणजे स्टॅटिस्टिक्सचा भाग, पक्कं करून सगळा जोर तिथंच लावावा.

मुलाखतीत पंधरा मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. मी बाबांची ग्रॅच्युइटी घेतली. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत २७ वर्षं, शेवटचा पगार १८,२०० रुपये. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणून २६ ने भागून १५ ने गुणलं की १०,५००, गुणिले २७ म्हणजे २,८३,५००. इथवर कुणालाही येतं. पण बाबा चाळिशीत असताना कंपनीने त्यांच्यासाठी किती रक्कम धरून ठेवायला हवी होती? ते मध्येच सोडून जातील का, पगार किती वाढेल, आजच्या किमतीत ते किती? फळ्यावर हे तीन प्रश्न लिहिले तेव्हा समितीतले एक सर पुढे सरकून बसले. नोकरी तिथंच मिळाली असं मला वाटतं.

दाखला तीन ओळींचा आहे. तिसरी ओळ म्हणते, ही समकक्षता केवळ या उमेदवारापुरती. म्हणजे उद्या दुसरं कुणी गेलं की पुन्हा तीच खिडकी, तेच वाक्य. मी तोच तक्ता जोडून दुसरा अर्ज दिलाय, विषयच यादीत घ्या म्हणून. या वेळी कन्नडमध्ये मी स्वतः लिहिला. पोच घेतलीय, आणि पुढची बैठक कधी ते दर सोमवारी विचारते.