गाजर गवत उपटल्यानंतरची जागा

आमचे गाव नांदेड जिल्ह्यातील कंधार तालुक्यात आहे. गावाला साधारण 60 एकर गायरान असून लाल कंधारी गाई, शेळ्या आणि सुगीनंतर येणारी मेंढरे यांचा चारा पूर्वी तिथूनच निघत असे. लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी त्या माळावर कमरेएवढे पवना आणि मारवेल गवत पाहिले आहे. चार वर्षांपूर्वी मात्र श्रावणात तिथे उभे राहिले, तर गाजर गवताच्या पांढऱ्या फुलांखेरीज काही दिसत नव्हते. या गवताची आपल्या देशातील पहिली ठळक नोंद 1955 साली पुण्याची आहे. तिथून ते आमच्या बांधापर्यंत आले. जनावरे त्याला तोंड लावत नाहीत आणि भुकेपोटी खाल्लेच तर दूध कडू लागते. चांगले गवत तेवढे चरले जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत गाजर गवत उभे राहते.

आमच्या बचत गटाने हा विषय ग्रामसभेत मांडला आणि श्रमदानाचा ठराव झाला. पहिल्या वर्षी आमची मोठी चूक झाली. पेरण्या, खुरपणी यांत दिवस गेले आणि उपटायला सुरुवात झाली ती भाद्रपदात, फुले पिकून बी धरल्यावर. बायकांनी उघड्या हातांनी रोपे उपटली, मोळ्या बांधल्या आणि माळावरून ओढत रस्त्याच्या कडेला नेल्या. आठ दिवस मनगटे व मान खाजत होती, दोघींना दवाखान्यात न्यावे लागले. पुढच्या मृगात पाऊस पडला तेव्हा ज्या वाटेने मोळ्या ओढल्या होत्या, नेमक्या त्याच वाटेवर गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पाने जमिनीला चिकटून दाटीने उगवलेली होती. एका झाडाला 10 ते 25 हजार बिया येतात, हे मी ऐकले होते. त्याचा अर्थ त्या हिरव्या पट्ट्याकडे पाहून कळला.

त्यानंतर आम्ही क्रम बदलला. पावसाने जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचे आणि तिथल्या तिथे खड्ड्यात शेण-मातीबरोबर कुजवायचे, असे ठरले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून गाजर गवताची पाने खाणारे मेक्सिकन भुंगेही आणले. पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा भुंगा 1983 साली मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला होता. सूर्यफूल लावणाऱ्या एका शेतकऱ्याने त्याला हरकत घेतली. त्यांची शंका निराधार नव्हती, कारण हा भुंगा सूर्यफुलावर दिसल्याने देशात पूर्वी वाद झाला होता आणि तपासणीनंतरच तो पिकाला धोकादायक नसल्याचे मान्य झाले. हे समजावून सांगितल्यावर ते स्वतः डबे सोडायला आले. भुंगे आम्ही उपटणे अवघड असलेल्या ओढ्याकाठी सोडले आणि तिथली झाडे मुद्दाम राखली. महिनाभर काहीच फरक जाणवला नाही; मग एका सकाळी पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या दिसल्या. थंडीत हे भुंगे जमिनीत दडून राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा वर येतात, त्यामुळे ओढ्याकाठची जमीन उकरायची नाही, असे मुलांनाही बजावले.

खरा प्रश्न उपटून मोकळ्या झालेल्या जागेचा होता. तिथे गवताने मूळ धरले नाही तर गाजर गवत परत येणार, हे एव्हाना कळून चुकले होते. आणि गवताला मूळ धरू द्यायचे तर 20 एकर दोन पावसाळे चराईबंद ठेवणे भाग होते. दरवर्षी मेंढरे घेऊन येणारे एक वृद्ध मेंढपाळ, ज्यांना सगळे गाव मामा म्हणते, बैठकीत म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय, पण माझी मेंढरं दोन वर्षं काय माती खातील?" त्यांना उत्तर द्यायला ग्रामसभेच्या तीन बैठका लागल्या आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. शेवटी उरलेल्या 40 एकरांत त्यांचा हक्क कायम राहिला आणि बंद पट्ट्यातील गवत विळ्याने कापून सर्वांना सारखे वाटायचे ठरले. पवन्याचे बी कुठल्या उतारावर अजून मिळते, हे मामांनीच दाखवले. ते बी शेण-मातीत कालवून आम्ही विखुरले आणि मारवेलाचे ठोंब पावसाच्या झडीत लावले.

रस्त्याच्या कडेला तरोटा पेरला. तो दाट वाढला की गाजर गवताला वर येऊ देत नाही आणि कोवळ्या पानांची भाजीही होते. पण हिरवा तरोटा जनावरे खात नाहीत, म्हणून गायरानात तो येऊ दिला नाही.

यंदा बंद पट्ट्यातून पहिल्यांदा प्रत्येक घराला चाऱ्याच्या पेंढ्या मिळाल्या. शेजारच्या गावाच्या शिवेवर गाजर गवत अजून दाट आहे आणि वाऱ्याबरोबर, ओढ्याच्या पाण्याबरोबर त्याचे बी आमच्याकडे येतच असते. त्या गावच्या सरपंचांशी दोनदा बोलणे झाले आहे; आषाढात दोन्ही गावांनी मिळून शिवेचा पट्टा उपटायचा ठरला असून हातमोज्यांचे पैसे आमच्या गटाने बाजूला काढून ठेवले आहेत.